भोपळ्यातली साळ

आमच्या घरात भात दोन तऱ्हांनी शिजायचा आणि त्या दोन तऱ्हांचं एकमेकींशी कधी पटलं नाही. एक तऱ्हा आत्तीची. पितळी पातेल्यात आधण ठेवायचं, त्यात तांदूळ वैरायचे, वर झाकणी, झाकणीवर पाणी. शीत न् शीत मोकळं. दुसरी तऱ्हा माझ्या आईची. तिचे तांदूळ रात्रभर पाण्यात भिजत पडायचे आणि सकाळी मात्र पाण्याला शिवायचे नाहीत. अरुंद गळ्याच्या हंड्यावर बांबूची निमुळती टोपली बसवून ती ते नुसत्या वाफेवर शिजवायची. टोपली बुरूड गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या हातवाऱ्यांवरून तीनदा मोडून चौथ्यांदा बरोबर विणली होती. शिजलेला भात ती पाटावर ओतायची, उलथापालथा करून वारा घालायची आणि झाकणाच्या लहान टोपलीत भरून ठेवायची. हा भात वाढता येत नाही. चिमटीनं तोडायचा, बोटांत वळायचा, गोळी ठेच्यात बुडवून तोंडात टाकायची. रविवारी मटणाचा तांबडा रस्सा असला की तिची गोळी रश्श्यात जायची आणि वर यायची ती सगळा रस्सा पिऊन. आत्ती या भाताला डिंक म्हणायची. "झाला असंल तुजा डिंक, तर चूल मोकळी कर," हे मी रोज ऐकलेलं वाक्य आहे.

आत्ती म्हणजे अण्णांची थोरली बहीण, आणि अण्णा माझे वडील. ऐन विशीत नवरा गेला तशी ती पेठ वडगावचं सासर सोडून कसबा बावड्याला माहेरी आली आणि आई नसलेल्या धाकट्या भावाला तिनं वाढवलं. भाऊ शिकला, फौजेत कारकून झाला. तोवर सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. मग फौजेनं अण्णांना लाओसला पाठवलं. त्या देशात आपसात लढाई जुंपली होती आणि तह पाळला जातोय की नाही हे बघायला तीन देशांची माणसं नेमली होती. अण्णा त्यांच्या कचेरीत टाईपरायटर बडवायचे. मेकाँग नदीच्या काठी कचेरी, कचेरीमागं बाजार, बाजारात वाफवलेला भात विकणारी एक बाई आणि तिची मुलगी. पुढचं मला कुणी सविस्तर सांगितलं नाही, आणि आईबापांच्या त्या भागात मुलांनी फार उकरू नये असं माझं मत आहे. दोन वर्षांनी अण्णा एक हिरवी लोखंडी ट्रंक आणि बायको घेऊन घरी आले.

चीनशी लढाई होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आत्ती भाकरतुकडा घेऊन दारात आली, भावजयीच्या तोंडाकडं बघितलं आणि हात तसाच वर राहिला. "चिनी आणलीस व्हय रं?" ती भावाला म्हणाली. अण्णांनी बोटीवरच्या प्रवासात बायकोला मराठी शिकवली होती, पण शिकवली ती स्वतःची, बावड्याची. त्यामुळं नव्या नवरीनं उंबऱ्याबाहेरूनच, अगदी स्वच्छ सांगितलं, "चिनी न्हाय. लाओ." अण्णा ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायचे. आत्ती हसायची नाही. "पयल्या दिवशी उलटून बोलली," म्हणायची. पण भाकरतुकडा ओवाळला तिनंच.

त्या तीन शब्दांनी माझ्या आईचं निम्मं आयुष्य खाल्लं. मंडईतली भाजीवाली, बसचा कंडक्टर, दवाखान्यातल्या बायका, माझ्या शाळेतले गुरुजी, सगळ्यांना ती तेच सांगायची, आवाज न चढवता, दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. तिचं नाव चंथा. ते मुळात आपल्या चंद्रावरूनच आलेलं, म्हणून आत्तीनं तिचं चंद्रा केलं तेव्हा ती काही बोलली नाही. नेसायला पातळ दिलं, नेसली. भाकरी थापायला शिकली. पण आई म्हणून घ्यायला तयार झाली नाही. तिच्या भाषेत आईला 'मॅ' म्हणतात, आणि मी तिला मॅच म्हणायचं. गल्लीतली पोरं माझ्यामागं शेळीसारखी ओरडायची. मी रडत घरी गेले तर ती म्हणायची, "शेळीला बी आई हाय. वरडू दे."

आणि भात सोडला नाही. लाओ लोक स्वतःला चिकट भाताची लेकरं म्हणवतात. देश कुठलाही असो, राजा कुणीही असो, जो हा भात हातानं वळून खातो तो आपला, अशी त्यांची ओळख. निघताना तिच्या आईनं तिच्या लुंगीवजा नेसणीत, तिकडं त्याला 'सिन' म्हणतात, चार ओंजळी साळ बांधून दिली होती. ट्रंकेतून बावड्याला आली ती एवढीच शिदोरी. नदीकडच्या आमच्या उसाच्या पट्टीत एक सखल कोपरा होता. तिथं पाणी साचून ऊस पिवळा पडायचा, म्हणून अण्णांनी तो तिला दिला. ती दर वर्षी तिथं आपलं भात करायची. बी पेरताना मात्र निम्मंच घ्यायची. उरलेलं निम्मं वाळवलेल्या दुध्या भोपळ्यात भरून, तोंडाला चिंधी आवळून, चुलीवरच्या तुळईला धुरात टांगायची. तिच्या गावी मेकाँग कधीही अंगणात यायची, एका पुरात सगळं बी गेलं की संपलंच. "नलू, पाणी आलं, तर हे," ती मला भोपळा दाखवून सांगायची. मला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं ते मला माहीत नसताना झालं असं कुणाला वाटू नये.

मी अकरा-बारा वर्षांची होते. लाओसात राज्य बदललं होतं. तिथला राजा गेला, सीमा बंद झाल्या आणि आजीची पत्रं येईनाशी झाली. शेवटचं पत्र मॅनं देव्हाऱ्यात ठेवलं, आत्तीनंही तिथून हलवलं नाही. त्याच वर्षी आषाढ सरता सरता पंचगंगेला पाणी आलं. आमच्या पट्टीत चार दिवस कमरेएवढं पाणी होतं. उतरल्यावर मी मॅबरोबर गेले. तिच्या कोपऱ्यात वीतभर गाळ, आणि त्याखाली रोपं कुजून काळी. मॅ बांधावर उभी राहिली, नदीकडं बघून काहीतरी बोलली आणि घरी येऊन म्हणाली, "परत पेरतो." आत्ती म्हणाली, "पंचमी होऊ दे. पंचमी झाल्याबिगर मातीला लोखंड लावायचं न्हाय. मग घे की कुणाकडनं तरी रोपं." आमच्याकडं हे असंच चालतं. एकाचं बी गेलं की दुसऱ्याच्या वाफ्यातून रोपांची पेंढी उचलायची, त्याचं गेलं की आपल्यातून द्यायची. मॅनं मान हलवली. असलं भात तिच्याशिवाय साऱ्या जिल्ह्यात कुणाकडं नाही, हे आत्तीच्या ध्यानात आलं नाही, आणि मॅला ते सांगायची गरज वाटली नाही. नागाचा मान राखायचा म्हणून ती तीन दिवस थांबली. थांबली नसती तर मला हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी तिनं खायच्या भातातला शेवटचा भात शिजवला आणि सगळा मला शाळेच्या डब्यात दिला. डबा कसला, तीच झाकणाची टोपली. मधल्या सुट्टीत मी ती दप्तराआड उघडली. शेजारच्या आक्काताईची पोर माझ्याच वर्गात होती, तिनं आत्तीचा शब्द भिंतीपलीकडून ऐकलेला. "डिंक खातीया बघा चिनी," ती ओरडली. पाच-सहा जणी गोळा झाल्या. एकीनं गोळी उचलून भिंतीला चिकटवून बघितली, ती खरंच चिकटली. मी उरलेला भात कावळ्यांना टाकला आणि रिकामी टोपली घेऊन घरी आले. मॅनं विचारलं, "खाल्लास?" तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मला नगं तुझा भात. मी न्हाय तुझ्या भाताची. मी भाकरीची हाय." टोपली धुऊन तिनं पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. आमच्या घरात हा एकच दिवस असा, की आत्तीची चूल आणि मॅची टोपली एकमेकींना धरून असत. या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून नैवेद्याला पुरणाची दिंडं वाफवायची, आणि वाफेच्या कामात मॅचा हात धरणारं बावड्यात कुणी नव्हतं. शिवाय नाग तिचाही. मेकाँगच्या तळाशी नाग राहतो, नदी त्यानंच उकरली आणि गावं तोच राखतो, असं तिच्याकडं मानतात. आत्ती नागाला भिऊन हात जोडायची, मॅ घरच्या वडीलधाऱ्याला भेटावं तशी जोडायची. त्या सकाळी मॅ नदीवर आंघोळीला गेली. पाटावर गंधानं नाग काढून आत्तीनं लाह्यांचा डबा उघडला तर तो रिकामा. ती इकडं तिकडं बघत तुळईपर्यंत पोचली. "ही काय साळ हाय की पडून. पेरणी कवाच झाली, आता रोपंच आणायचीत, ही काय करायचीय ठेवून," म्हणत तिनं भोपळा खाली घेतला, साळ टोपलीत ओतली आणि मला म्हणाली, "नले, भट्टीवर जा पळत. म्हनावं पंचमीच्या लाह्या, लवकर दे."

मी टोपली हातात घेतली. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. मी नवीन बांगड्या भरल्या होत्या, वडाला झोके बांधले होते, आणि माझ्या कानात अजून 'डिंक' घुमत होतं. मला वाटलं, जाऊ दे एकदाचं. हे संपलं की डब्यात भाकरी येईल, आणि मी सगळ्यांसारखी होईन. इतका साधा हिशेब होता. आज माझी नात त्याच वयाची आहे. ती रुसून दार आपटते तेव्हा मी तिला रागवत नाही, पण दार आपटून ती कुठं जाते तिकडं लक्ष ठेवते.

भट्टी हलिमाचाचीची होती. चिरमुरे, फुटाणे, लाह्या, सगळं तीच भाजायची, आणि पंचमीच्या सकाळी तिच्यापुढं बायकांची ही रांग. कढईत वाळू तापून काळी झालेली, चाचीच्या हातात झाऱ्या, सगळीकडं तडतड आणि धूर. माझी पाळी आली. चाचीनं मूठभर साळ तळव्यावर घेतली, फुंकर मारली, एक दाणा दातानं फोडला आणि माझ्याकडं बघितलं. "ही कुठली गं साळ? दाणा येगळा हाय. बियाणं तर न्हवं? आईला इचारून आणलीस?"

"व्हय," मी म्हणाले. "खायाचीच हाय. बी न्हवं."

तिनं ती वाळूत टाकली. लाह्या फार सुरेख फुलल्या, पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या. रांगेतल्या बायकाही म्हणाल्या.

मॅ ओल्या केसांनी आली. दिंडं वाफवून झाली, पूजा झाली, आत्तीनं नागाला दूध-लाह्या दाखवल्या आणि सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. मॅनं डोळे मिटून एक लाही जिभेवर ठेवली. मग दुसरी ठेवली. तिसरी तिनं तोंडात टाकलीच नाही, बोटांत धरून उजेडाकडं केली आणि मान वर करून तुळईकडं बघितलं. भोपळा जागेवर होता, पण चिंधी आत्तीच्या गाठीनं बांधलेली होती.

"आक्का, लाह्या कुठल्या?" तिनं आत्तीला विचारलं.

"घरच्याच की. तुज्या भोपळ्यात साळ हुती पडून. म्हनलं कशाला इकत आणायच्या. लई झ्याक फुलल्यात बघ."

"सगळी?"

"सगळीच. का गं?"

मॅनं हातातली लाही परत नागापुढं ठेवली, वाकून नमस्कार केला आणि अंगावरच्या चांगल्या पातळानिशी नदीच्या वाटेला लागली. अण्णांनी आत्तीला सगळं सांगितलं. आधी ती चिडली. "मग मला सांगाय काय झालतं? पेरून झाल्यावर बी कोण ठेवतंय गा घरात? मी काय मुद्दाम केलं?" मग पदर खोचून उठली, आणि आम्ही तिघं मॅच्या मागं गेलो. ती कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून गाळ उकरत होती. खुरपं नाही, काठीसुद्धा नाही, नुसत्या बोटांनी. पंचमीला मातीला लोखंड लावायचं नाही, ते ती तेव्हाही पाळत होती. एखादं तरी रोप जिवंत सापडेल म्हणून ती एकेक काळी काडी उपसून बघायची आणि बाजूला ठेवायची. पंचमीला माती उकरलेली आत्तीनं कधी कुणाची खपवून घेतली नव्हती. आज मात्र ती नुसती बांधावर बसली. मी उभी होते. मला तेव्हा सगळं सांगून टाकायचं होतं आणि मी सांगितलं नाही.

तीन दिवस मॅ गाळ उपसत होती. दुसऱ्या दिवशी ती भट्टीवरही जाऊन आली, वाळूत एखादा दाणा न भाजता राहिलाय का बघायला. हे अण्णांकडून कळलं तेव्हा मला वाटलं, आता चाची सगळं सांगणार. पण परत आल्यावर मॅ मला काहीच म्हणाली नाही, म्हणून मी समजले की चाचीला एवढ्या गर्दीत कुठलं आठवतंय. अण्णांनी शेतीखात्यातल्या ओळखीच्यांना विचारलं, असलं भात कुणी ऐकलं नव्हतं. चौथ्या दिवशी मॅ चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, "संपलं." ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बांबूची टोपली खुंटीवरून काढली आणि जुन्या कपड्यांच्या बोचक्यात बांधायला घेतली. ते बघून मी घराबाहेर पळाले.

मी ठरवलं, की दाणा शोधायचाच. कुठं ते माहीत नव्हतं. दारातच थबकले, कारण चौकटीवर आत्तीनं बांधलेलं मागच्या वर्षीचं वाळकं तोरण होतं. नवं भात घरात आलं की आत्ती त्याच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून बांधायची. भात आपलं असो की भावजयीचा डिंक असो, घरात आलं ते लक्ष्मी, त्यात तिनं कधी दुजाभाव केला नाही. मी स्टूल आणलं. दारावरच्या लोंब्यांत चिमण्यांनी नुसती टरफलं ठेवली होती. गोठ्याच्या मेढीवरची लोंबी म्हशीनं ओढलेली. देव्हाऱ्यामागची उंदरांनी खाल्लेली. मग आठवलं, आत्ती एक लोंबी अण्णांच्या फौजेच्या ट्रंकेलाही बांधते. भावाची ट्रंक म्हणजे तिच्या लेखी भावाची तलवार. पलंगाखाली पालथी पडून मी ट्रंक ओढली. कडीच्या मागच्या बाजूला, कोळिष्टकांत, एक लोंबी होती. मी ती ओच्यात घेऊन दाणे मोजले. एकोणचाळीस.

मी ते मॅच्या पुढ्यात ठेवले आणि भडाभडा बोलून टाकलं. मला ठाऊक होतं, आत्तीला नव्हतं, मला ठाऊक असून मी नेलं. आत्ती दारात उभी राहून ऐकत होती. एक मात्र मी ठेवून घेतलं. चाचीनं विचारलं होतं आणि मी खोटं बोलले, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मॅनं दाणे तळव्यावर घेतले, पुन्हा माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "तू पेर."

आत्तीनं माळ्यावरून तिचं तांब्याचं घंगाळ काढलं. सासरहून तिच्याबरोबर आलेली ती एकच वस्तू. त्यात नदीचा गाळ भरला आणि मी एकोणचाळीस दाणे बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं लावले. सत्तावीस उगवले. आत्ती दुसऱ्या दिवसापासून हातात काठी घेऊन घंगाळापाशी बसली ती रोपं वीतभर होईपर्यंत उठली नाही. जेवण तिथंच, जपमाळ तिथंच, चिमण्यांना शिव्या तिथंच. येणारेजाणारे विचारायचे, "काय करताय आत्ती?" "मळा राखतोय." "घंगाळात?" "व्हय, घंगाळात. डोळं न्हाईत व्हय तुला?" एकदा शेजारची आक्काताई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "चिनी भात म्हंत्यात ते हेच व्हय?" आत्तीनं काठी भिंतीकडं वळवली. "चिनी न्हाय, लाओ! बारा वर्सं झाली सांगून, कान धुऊन ये जा." घरात मॅ भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबलेला मी बघितला.

परड्यातल्या विहिरीपाशी मी ती सत्तावीस रोपं एकेक करून लावली. मार्गशीर्षात तांब्याभर साळ निघाली. कुणी एक दाणा तोंडात टाकला नाही. पुढच्या पावसात त्यातली निम्मी पेरली, निम्मी भोपळ्यात गेली, आणि त्या वर्षी नदी आली नाही. मधल्या त्या काळात माझ्या डब्यात रोज भाकरी होती. मला हवी होती तीच. कुणी मला डिंक म्हणालं नाही, आणि मला ती भाकरी गोड लागली नाही. मी मॅला काही कमी केलं होतं एवढंच नव्हतं, मी तिला अनोळखी मुलखात एकटं पाडलं होतं, हे तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळत होतं.

आता त्या सखल कोपऱ्यावर चार मजली इमारत आहे. मी गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपांत भात करते. गुडघे वाकत नाहीत म्हणून स्टुलावर बसून लावते. भोपळा स्वयंपाकघरात टांगलेला असतो, निम्मी साळ त्यात. सून विचारते, आता कसला पूर येणार आहे गच्चीवर. मी सांगते, पूर पाण्याचाच असतो असं नाही.

दुसऱ्या वर्षीची साळ आली तेव्हा मॅनं बोचकं सोडलं. रात्री तांदूळ भिजले, सकाळी बांबूच्या टोपलीतून तो वास आला आणि आत्ती स्वतःहून म्हणाली, "चूल आज तुजीच." मॅ सिन नेसली होती. केळीच्या पानाचा उंच शंकू करून तिनं त्यात झेंडू खोवले, भोवती पांढऱ्या सुताचे दोरे लोंबत ठेवले, पायथ्याशी उकडलेली अंडी आणि भाताचे गोळे मांडले. लाओ लोक मानतात, की माणसाच्या अंगात बत्तीस प्राण असतात. भीती वाटली, दुःख झालं, माणूस स्वतःशी वाईट वागला, की त्यातला एखादा अंगातून निघून कुठंतरी भटकत राहतो. त्याला हाका मारून परत आणायचं आणि मनगटाला दोरा बांधून जागेवर ठेवायचं, याला ते 'सू ख्वान' म्हणतात. तिकडं हे काम गावातला जाणता म्हातारा करतो. इथं तीच जाणती.

तिनं आधी आत्तीला बसवलं. उजव्या तळव्यावर भाताचा गोळा ठेवला, मनगटावरून दोरा फिरवत लाओ भाषेत हाका घातल्या. रानातून ये, नदीपल्याडून ये, परक्यांच्या गावातून ये. आत्तीनं घाबरून विचारलं, "काय म्हंतीया?" अण्णा म्हणाले, "तुला परत बोलवतीया." "मी कुठं गेलतो आणि? हितंच हाय की!" आत्ती म्हणाली, पण हात तसाच पुढं धरून बसली आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलं नाही. मग अण्णांना दोरा बांधला. मग मॅ माझ्यापुढं बसली.

माझ्या तळव्यावर भात ठेवला, ऊन ऊन. तिनं दोरा धरला, रानातून ये म्हणाली, नदीपल्याडून ये म्हणाली, आणि थांबली. मला लाओ चांगलं समजायचं हे तिला माहीत होतं. तरी पुढचं ती मराठीत बोलली, अण्णांनी शिकवलेल्या बावड्याच्या मराठीत, हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं.

"भट्टीवरनं ये, नलू. हलिमाचाचीच्या म्होरनं उठून ये. दीड वरीस झालं. लई वाट बघितली."

मला वर बघवेना. तिनं गाठ मारली, ओढून पक्की केली आणि माझी बोटं भाताभोवती मिटवली.

"खा," ती म्हणाली.

मी खाल्लं.